कालव्यावरची फळी

“झोप लागली होती तुम्हाला, वहिनी. एवढं कबूल करा, मी गप्प बसतो.”

“डोळा लागला होता. झोप वेगळी, डोळा लागणं वेगळं. माझ्या वयाला आलास की कळेल.”

“त्या डोळा लागण्यात पोरगी कालव्याच्या फळीवर जाऊन पोचली! एकटी! पाणी कसं फुगलंय ते बघितलंत का?”

“मग फळी काढून टाका. मला काय बोलतोस? फळी काढा.”

“आज फळी काढाल. पंधरवड्यानं वर कुरणात जाल तेव्हा तिथली नदीही काढून टाकणार का?”

तालायचा आवाज चढला होता. झुराकाननं पाय पुढे पसरले आणि गुडघे चोळायला घेतले. पहाटे तीन गायी पिळून, दूध तापवून ती चुलीशी टेकली होती, आणि तेवढ्यात हे झालं होतं. जिच्यावरून सगळा तमाशा चालला होता ती अरूके तिच्या शेजारीच बसली होती. अजून तीन वर्षांची व्हायची होती. डाव्या पायात उजवा बूट, उजव्यात डावा. आणि नानचा तुकडा जर्दाळूच्या मुरंब्यात बुडवायची धडपड. झुराकाननं भांडता भांडताच हात पुढे करून तिचा तुकडा बुडवून दिला. अरूकेनं तो तुकडा समोर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीवर फेकला.

“माझी मी!”

“नान फेकतात का, बये? पाप लागेल.” झुराकाननं तुकडा उचलून कपाळाला लावला. अरूकेनं तोवर नवा तुकडा मोडून घेतला होता आणि तो मनगटापर्यंत मुरंब्यात घातला होता.

तालाय हा झुराकानचा थोरला, पोटचा मुलगा. तरी तो तिला वहिनी म्हणायचा आणि बापाला दादा. थोरलं पोर आजीचं, ही रीत. झुराकान एकोणिसाव्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून सून होऊन आली, आणि तालाय चाळीस दिवसांचा झाला त्या दिवशी सासूनं त्याला आपल्या अंथरुणात घेतलं. “तू जवान आहेस, तुला डझनभर होतील,” सासू म्हणाली होती. झुराकान सामूहिक शेताच्या गोठ्यात गायी पिळायला जायची. अंगावरचं दूध दाटायचं, ते गोठ्याच्या भिंतीआड पिळून टाकायची आणि पुन्हा गायीखाली बसायची. घरी आली की तालाय सासूच्या मांडीवरून तिच्याकडे पाहायचा, जसं शेजारणीकडे पाहावं. पुढे बोलायला लागला तेव्हा घरातल्या नणंदा-दिरांचं ऐकून तिला वहिनी म्हणू लागला. नंतर तिला आणखी दोघं झाली. मुलगी लग्न होऊन गेली, धाकटा रशियात इमारतींवर काम करतो. ती दोघं तिला आईच म्हणत. पण ती दोघं लांब राहिली.

सासू वारली, तेव्हा तालाय दाढीमिशावाला झाला होता. ‘आता तरी आई म्हण’ असं त्याला सांगावं, असं झुराकानला बरेचदा वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगणार? मग त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली आणि झुराकाननं तिचे चाळीस दिवस मोजून पुरे होऊ दिले. एकेचाळिसाव्या दिवशी ती कालवा ओलांडून मुलाच्या नव्या घरी गेली आणि आपलं येणं वसूल केल्यासारखं पोर उचलून घेऊन आली. सुनेला म्हणाली, “तू जवान आहेस, तुला डझनभर होतील.” शब्द आपले आपणच आले, जसे कुठे ठेवून दिले होते.

त्याला आता अडीच वर्षांवर काळ लोटला. सुनेला दुसरं झालं नाही. अरूके झुराकानला आई म्हणायची, आणि सुनेला, बेगिमायला, वहिनी. झुराकानचा म्हातारा, मुकाश, कधीमधी म्हणायचा, “या घरात बाईला आई व्हायला नातवंडं यावी लागतात. तोवर सगळ्या वहिन्याच.”

आत्ता मात्र मुकाश पोटाशी उशी धरून बसला होता. बेगिमाय दाराच्या बाजूला, चहाच्या किटलीपाशी बसून वाट्या भरत होती. नवऱ्याला चहा दिला, सासऱ्याला दिला.

“सकाळी काय झालं ते सांग,” तालाय बायकोला म्हणाला. “तू सांग. माझं यांना खोटं वाटतं.”

बेगिमायनं मान वर केली नाही. “मी अंगण झाडत होते. बघितलं तर ती फळीच्या मधोमध. हातात नानचा तुकडा होता.”

“मग हाक नाही मारलीस?” झुराकान म्हणाली.

“हाक मारली असती तर ती वळली असती, आत्याबाई.”

“मग काय केलंस?”

“रुमाल तोंडात धरला. ती आमच्या बाजूच्या काठाला लागेपर्यंत.”

बेगिमायनं सासूची वाटी पुढे ओढली आणि किटली वाकडी केली. तिचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. चहा अर्ध्यावर आला, वर चढला, काठाला टेकला, आणि तिनं तो तसाच दोन्ही हातांनी सासूपुढे धरला.

मुकाशनं उशी खाली ठेवली. तालायनं बायकोकडे पाहिलं. चहा द्यायचा तो अर्धी वाटी. संपला की पुन्हा, पुन्हा, बसणाऱ्यानं बसावं म्हणून. काठोकाठ भरलेली वाटी नको असलेल्या पाहुण्याला देतात. प्या आणि निघा.

बेगिमायला ते दिसलं, तेव्हा वाटी सासूच्या हातात होती. तिनं हात पुढे केला. “आत्याबाई, माझं लक्ष नव्हतं, द्या इकडे—”

“राहू दे,” झुराकान म्हणाली. “लक्ष नसतं तेव्हाच माणूस खरं ओततं.”

तिनं वाटी न पिता चादरीवर ठेवली. मग नवऱ्याकडे वळली. “अहो, चहा झाला असेल तर उठा. फळी काढायची आहे.”

मुकाशनं फळी काढली. पॉप्लरची जुनी, भिजून जड झालेली फळी. त्यानं ती कुंपणाला टेकवली आणि तो मेंढ्यांकडे निघून गेला. तालाय कामाला गेला, वरच्या लांबच्या पुलावरून, पाय आपटत. बेगिमायही त्याच्या मागून गेली.

झुराकाननं गायी सोडल्या, साय काढली, तंबूचे लोकरी नमदे उन्हात पसरले. कुरणात जायचं तर उसवलेले दोर शिवायचे होते, भांडी मोजून बांधायची होती. दर वर्षी हेच. दर वर्षी वाटायचं की यंदा शेवटचं, आणि दर वर्षी मेंढ्या वर निघाल्या की तीही निघायची. यंदा अरूके चालणारी, बोलणारी. वर हवा चांगली, घोडीचं दूध चांगलं. चार महिने पोर आपल्याकडे, मध्ये कालवा नाही, पलीकडचं घर नाही. हिवाळाभर तिनं याच आशेवर दिवस ढकलले होते. आता तालाय म्हणत होता, पोर खाली ठेवा. आज उन्हाळ्यापुरती ठेवा म्हणेल, उद्या थंडी आहे म्हणेल, परवा बालवाडी म्हणेल. दिलेलं पोर असं परत मागतात का?

“आई, बटन.”

अरूके कोट घेऊन आली होती. झुराकाननं दोर बाजूला टाकला, वाकली, बटन धरलं.

“माझी मी!”

“अगं, मग मला का दाखवतेस?”

“बघ.”

झुराकान बघत राहिली. पहिलं बटन दुसऱ्या काजात, दुसरं कुठेच नाही. गुडघे ठणकत होते. पोरीची जीभ ओठांबाहेर आली होती, आणि चार म्हाताऱ्या मेल्या तरी हे बटन लागेल असं दिसत नव्हतं. अखेर तिनं झटकन हात घालून दोन बटनं लावून टाकली. अरूकेनं मातीत लोळण घेतली. ओरडून झाल्यावर उठली, ती दोन्ही बटनं काढली, आणि उघड्या कोटानं फाटकाबाहेर निघाली.

झुराकाननं हाक मारली नाही. दमली होती, आणि फळी नव्हतीच.

तरी ती मागोमाग गेली. अरूके कालव्याशी जाऊन उभी राहिली होती. फळी होती तिथे तिनं पाहिलं, कुंपणाला टेकवलेल्या फळीकडे पाहिलं, मग झुराकानकडे. रडली नाही. काठाकाठानं वरच्या अंगाला चालू लागली.

“कुठे निघालीस?”

“वहिनीकडे.”

“मी उचलून नेते, थांब.”

“जा!” अरूके म्हणाली. नुसतं जा. आणि चालत राहिली.

वरचा पूल गुरांचा. दगडी, रुंद, पण गावाच्या टोकाला. अरूकेचे बूट अजून उलटेच होते. ती पडली, उठली, हात कोटाला पुसले, पुन्हा पडली. झुराकान अंतर राखून चालत होती, कारण जवळ गेलं की ती थांबून ‘जा’ म्हणायची. वाटेत शेजारीण बातमा शेणाच्या गोवऱ्या लावत होती. “कुठे गं, झुराकान?”

“मला काय विचारतेस? पुढचीला विचार. मी तिच्या मागं आहे.”

“उचल की मेलीला!”

“तू उचलून बघ.”

बातमा हसली. “तालायही असाच होता, तुझ्या सासूच्या मागं-पुढं नुसता. आठवतं?”

झुराकानला तालाय कधी, कोणाच्या मागून चालायला शिकला ते आठवत नव्हतं. ती तेव्हा गोठ्यात होती.

पूल ओलांडून पलीकडच्या काठानं परत खाली यायचं. झुराकानला वाटेत दोनदा बसावं लागलं. तालायच्या घराचं फाटक उघडं होतं. अरूके आत शिरली तेव्हा बेगिमाय पायरीवर कणकेची परात घेऊन बसली होती. तिला सासू दिसली नाही. झुराकान कुंपणाआड टेकून श्वास घेत होती.

बेगिमायनं पोरीला जवळ घेतलं नाही. “आलीस?” एवढंच म्हणाली. अरूकेनं कोट काढला. बाही अडकली, ती गोल गोल फिरली, बाही सुटली. दाराजवळ खाली, अगदी तिच्या खांद्याइतक्या उंचीवर, एक खिळा होता. तिनं कोट खिळ्याला लावला. पडला. पुन्हा लावला. पलीकडे छोटं घमेलं होतं पाण्याचं. तिनं हात बुडवले, पाणी बाहीत गेलं, फ्रॉकला पुसले. मग उलटं ठेवलेलं एक खोकं ओढत परातीशी आणलं, त्यावर बसली, आणि बेगिमायनं सरकवलेला कणकेचा गोळा बुक्क्यांनी मळू लागली. बेगिमायचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. हातांवर बसल्यासारखी बसली होती ती. पोरीचं नाक वाहत होतं, बूट उलटे होते, आणि ही नुसती बघत होती.

झुराकान कुंपणाआडून बाहेर आली. बेगिमाय धडपडून उठली, रुमाल कपाळावर ओढला. “आत्याबाई! वरच्या पुलावरून आलात? चालत?”

“उडत येता येत नाही. तिचं नाक का पुसत नाहीस?”

बेगिमायनं हात पाठीमागे घेतले.

“बूट उलटे आहेत. पाय वाकडे होतील. सरळ का करत नाहीस? डोळ्यांना दिसत नाही?”

“दिसतं.”

“मग?”

“तुम्हीच म्हणाला होतात, आत्याबाई.” तिचा आवाज तक्रारीचा नव्हता, भाजीत मीठ किती घालू असं विचारावं तसा होता. “नेताना म्हणालात, फार हात लावू नकोस, पोराला दोन घरची सवय लागते. म्हणून नाही लावत. पहिल्यांदा फार जड गेलं. मग ती तिचं तिचं करायला लागली. तो खिळा तिनं मागितला म्हणून ठोकला. मी ठोकला नाही हं. हातोडी तिनंच धरली होती, मी फक्त बोटं बाजूला ठेवली.”

झुराकान पायरीवर बसली. हे तिनं म्हटलं होतं का? म्हटलं असेल. तिची सासूही तिला असंच म्हणाली होती. पण ती स्वतः तेव्हा हात मांडीखाली धरून बसली नव्हती. गोठ्यात निघून गेली होती.

अरूकेनं गोळ्याचा एक लचका तोडून झुराकानच्या मांडीवर टाकला. “आई, तू कर.” झुराकाननं तो मळला. दुसऱ्या हातानं पोरीची ओली बाही दुमडायला गेली. अरूकेनं हात काढून घेतला आणि बाही स्वतःच वर ढकलली. बाही खाली आली. पुन्हा ढकलली.

“आत टेका जरा,” बेगिमाय म्हणाली. “पहाटेपासून पायावर आहात.”

झुराकान ‘नको’ म्हणणार होती. पण तिला उठून परत त्या पुलापर्यंत जायचं आठवलं. ती आत गेली, लोकरी जाजमावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, आणि डोळा लागला नाही. सरळ झोपच लागली. सुनेच्या घरी, भर दुपारी, बूट घालून.

जाग आली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं. अंगावर शाल होती. पायात बूट नव्हते. दोन्ही बूट उशाशी ठेवलेले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, आणि अरूके समोर मांडी घालून राखण करत बसलेली.

“माझे बूट कोणी काढले?”

“मी. माझी मी.”

“मला विचारलंस?”

अरूकेनं मान हलवली. नाही.

“बघा! मला हात लावायला चालतं,” झुराकान छताला म्हणाली. पाय मोकळे झाले होते. किती दिवसांनी कोणी तिचे बूट काढले होते, ते तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तालाय आला, आणि आपल्या घरात चूल थंड बघून मुकाशही वाट वाकडी करून आला. दारातच म्हणाला, “म्हातारे, तू इथं! मी म्हटलं रागावून माहेरी गेलीस. गायी हंबरताहेत.”

“हंबरू द्या. तुम्हाला पिळता येत नाहीत का?”

“माझा हात त्यांना चालत नाही.”

“कोणाचाच हात कोणाला चालत नाही या गावात.”

बेगिमायनं चादर अंथरली, दुपारच्या कणकेचे तळलेले बोरसोक मध्ये ओतले. त्यात दोन-चार ओबडधोबड, बोटांचे ठसे उमटलेले. अरूकेनं ते कोणाला घेऊ दिले नाहीत. तालाय सासुरवाडीला आल्यासारखा ताठ बसला होता. सकाळचं भांडण त्याच्या तोंडात अजून तसंच होतं.

“वहिनी,” त्यानं सुरुवात केली, “सकाळी मी जास्त बोललो असेन, पण कुरणात—”

“खा आधी.”

बेगिमाय चहाला उठली, तर अरूकेनं किटली आधीच दोन्ही हातांनी ओढली होती. चहा निवत आलेला. बेगिमायचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. झुराकानचाही हात उठला होता. तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच दाबून धरला. तालाय म्हणाला, “सांडेल,” आणि मुकाश म्हणाला, “सांडू दे.”

अरूकेनं वाटी झुराकानपुढे ठेवली. किटली वाकवली. आधी काहीच आलं नाही, मग एकदम आलं. अर्ध्यावर ती थांबली नाही. कोणी तिला शिकवलंच नव्हतं की थांबायचं असतं. काठ आला, काठावरून चहा चादरीवर गेला, आणि मग तिनं किटली खाली ठेवून दोन्ही हातांनी वाटी आजीपुढे सरकवली.

“आई, घे.”

बेगिमायनं डोळे मिटले. मुकाशनं घसा साफ केला. “म्हातारे, एकाच दिवसात दोनदा. आता तुला निघायलाच हवं.”

झुराकाननं वाटी उचलली. चहा थंड होता, साखरही नव्हती. ती थांबत थांबत सगळा प्यायली, तळापर्यंत, आणि वाटी चादरीवर पालथी घातली.

“यंदा कुरणात मी नि हे, दोघंच जाणार,” ती म्हणाली. “पोर खाली राहील. याच घरात. हिवाळ्यातही इथंच. कोणाला काय म्हणायचं ते तिचं ती बघेल, कोणी शिकवायचं नाही.”

तालायनं तोंड उघडलं.

“मला काही सांगू नकोस, मी दमलेय,” झुराकान म्हणाली. “आणि उद्या कालव्यावर फळी टाक. जुनी नको. रुंद टाक, दोन्ही बाजूंना दोर बांध, तिच्या हाताला येईल इतक्या खाली.”